कोयनाकाठची दीर्घकथा : कामाच्या नोंदी

१२ मे

फाईलला तूर्त 'कोयना कथा' एवढंच नाव दिलंय. दिवाळी अंकासाठी दीर्घकथा, नऊ हजार शब्दांच्या आत बसवायची. कोयनेच्या खोऱ्यात वरच्या अंगाला, जावळीकडच्या डोंगरात राहणारं एक घर, काळ १९६१ ते १९६८. म्हातारी बायजा, तिचा थोरला धोंडिबा, सून रखमा, तीन पोरं, एक भाकड म्हैस, आणि मुंबईत मशीद बंदरला गोण्या वाहणारा धाकटा किसन, जो कथेत जवळजवळ दिसतच नाही, त्याची मनीऑर्डर दिसते, आणि बऱ्याचदा ती पण दिसत नाही. वाडीला नाव देणार नाही. खरं नाव दिलं की त्या वाडीतलं कोणीतरी उठून विचारणार, हे कधी झालं आमच्यात.

एक नियम आधीच लिहून ठेवतो म्हणजे नंतर पळवाट काढता येणार नाही. निवेदकानं विनोद करायचा नाही. जे काय हसणं असेल ते घरातल्या माणसांच्या तोंडून. आपल्याकडं गावाकडचा विनोद म्हणलं की तालुक्याला जाऊन फसलेला बाप्या, बावळट सरपंच, आणि 'न्हाय-हाय' बोलतात हीच गंमत, म्हणजे हसणारा कायम बाहेरचा आणि ज्याच्यावर हसायचं तो उपाशी, हे मला अजिबात नकोय.

१५ मे

टाइमलाइन बसवली. धरणाचं काम पन्नासच्या दशकात सुरू झालं, साठनंतर पाणी अडवायला लागले, १९६२ पासून वीज. भिंत १०३ मीटर उंच, पाणी मागं पन्नासेक किलोमीटर पसरलेलं, त्याला शिवसागर म्हणतात. आणि जी गोष्ट नकाशा समोर ठेवून बघितल्यावर डोक्यात नीट बसली ती अशी की कोयना मुळात महाबळेश्वरला उगम पावून कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी जायचं बंगालच्या उपसागराला, आणि प्रकल्पानं सह्याद्रीच्या पोटातनं बोगदा काढून ते कोकणात पोफळीला उतरवलं, तिथं जमिनीखालच्या वीजघरात वीज केली, मग पाणी वाशिष्ठीतनं अरबी समुद्राला. वीज निघाली मुंबईच्या दिशेनं. ज्यांची भातखाचरं बुडाली त्यांच्यात रॉकेलची चिमणीच.

हे सगळं निवेदनात घातलं तर सरकारी पुस्तिका होईल, त्यापेक्षा बायजाच्या एका वाक्यात बसतंय. किसन घर सोडून जातो तेव्हा धोंडिबा चिडलाय, ती त्याला म्हणते:

"आरं येवढी नदी, आजा-पणज्यापास्नं खाली जायाची, ती बी उलटी फिरून म्हमईच्या कामाला लागली. त्यो तर तुझा भाऊच हाय."

ठेवलं.

१६ मे

वर चढण्याचं प्रकरण. धरणग्रस्तांना जमिनी मिळाल्या त्या लांब लांब, सोलापूर, सांगली, ठाणे असल्या भागात, आणि पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला १९७६ ला, म्हणजे ह्यांची घरं पाण्याखाली गेल्यावर दशकभराहून जास्त काळानं. काहीजण लांब गेले, काहीजण तिथंच डोंगर चढून वर बसले. आमचं घर वर चढलेल्यांतलं. का, ह्याची खरी कारणं म्हणजे म्हैस, जंगल, भाऊबंद, देव, आणि अनोळखी मुलखाची भीती. साहेबाला बायजानं दिलेलं कारण मात्र वेगळं: "सपाटीला झोप लागत न्हाय मला. उतार नसला की पाय कुठल्या अंगाला करायचं त्येच कळत न्हाय."

साहेबानं ते वहीत लिहून घेतलं, असं एक वाक्य पुढं होतं, ते उडवलं. तो निवेदकाचा विनोद होता. नियम.

२१ मे

घर कसलं ते पक्कं केलं कारण पुढचा सगळा भूकंप त्याच्यावर उभा आहे. कुडाचं घर. कारवीच्या काठ्यांचा कूड, वरनं शेणमातीचा गिलावा, वर गवताचं छप्पर, दर पावसाळ्याआधी शाकारायचं. शेजारी धोंडिबाचा चुलता तुकाराम, त्याला नुकसानभरपाईचे चार पैसे बरे मिळालेत आणि ते त्यानं दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरात घातलेत. सहा वर्षं तो येताजाता ह्यांच्या कुडाला बोट लावून बघतो आणि "हललं की रं" म्हणतो. चुलता वाईट नाही. त्याला फक्त घर झालंय आणि ते दाखवायला दुसरं कोणी नाही.

२४ मे

उन्हाळ्यात पाणी उतरलं की खालचं जुनं घर उघडं पडतं, जोतं, उंबऱ्याचा दगड, उखळ. हा सीन लिहिताना मजा आली. पोरांना तो दरवर्षीचा खेळ, धोंडिबा ओल्या गाळात काहीतरी पेरता येतंय का बघत हिंडतो आणि बायजा जोत्यावर जाऊन बसते. "लोकाच्या लेकी माहेरपणाला येत्यात, आमच्यात घर येतंय." मग खराटा घेऊन चिखल झाडायला लागते. रखमा म्हणते आत्या, म्हयन्यानं परत पाणी येणार हाय, कशापाय झाडताय. "आगं मासं राहणार हायत की, त्येंनी काय म्हणावं."

ताईला फोनवर वाचून दाखवलं. ती हसली आणि मग म्हणाली, ही म्हातारी जरा जास्तच हजरजबाबी आहे, प्रत्येक दुःखाला हिच्याकडे वाक्य तयार आहे, खऱ्या घरात अशी बाई असली की बाकीच्यांना बोलायला जागा उरत नाही. त्यावर मी काही बोललो नाही. पण ते डोक्यात राहिलंय.

२ जून

सोमवारचं प्रकरण. १९६५ ला पाऊस दगा देऊन गेला, वर युद्ध, धान्य अमेरिकेतनं यायचं, आणि शास्त्रीजींनी लोकांना आवाहन केलं की सोमवारी संध्याकाळचं एक जेवण सोडा. वाडीत ही बातमी मास्तर आणतात, पेपर चार दिवसांचा जुना. मास्तर भाबडे, भारावलेले, आवाज दाटून आलेला. सगळे गप्प ऐकतात. मास्तर विचारतात, मग आपली वाडी सोमवार पाळणार का?

बायजा: "पाळू की. आणि दिल्लीला कळवा मास्तर, आमचं मंगळवार-बुधवार बी त्येंच्याच खात्यात धरा म्हणावं. ते आधीच भरलंय आमी."

इथं शास्त्रीजींची टिंगल व्हायला नको, आणि होतही नाही असं मला वाटतं, कारण पुढच्या सोमवारी घरात खरंच नाचणीची आंबील उरलेली असते आणि बायजा ती कोणाला खाऊ देत नाही. शब्द दिलाय म्हणते. पोरं रडतात. धोंडिबा वैतागून बाहेर जातो. आंबील मंगळवारी सकाळी वाटतात, ती अजूनच आंबलेली, आणि धाकटी पोरगी विचारते, आता भारत जिंकला का. माझ्या मते हा सगळ्या कथेतला सगळ्यात चांगला परिच्छेद आहे आणि त्याच्यात मी काही केलेलं नाही, फक्त एक दिवस पुढं जाऊ दिला.

रेशनवरच्या अमेरिकन गव्हाबद्दल एक पानभर लिहिलं होतं, नाचणी थापणाऱ्या हातांना गव्हाचं काय करायचं कळत नाही वगैरे. वरवरचं वाटलं. दोन ओळी ठेवल्या.

९ जून

भूकंपाकडे आलो. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. (परत सोमवार. हे मी जुळवलेलं नाही, कॅलेंडरच तसं आहे, पण बायजाच्या नजरेतनं ते सुटणार नाही.) मार्गशीर्षाचा शुद्ध पक्ष, दशमीच्या आसपासची रात्र, म्हणजे त्या वेळेला चंद्र मावळलेला, काळोख, थंडी. ड्राफ्टमध्ये चांदण्यात पळणारी माणसं होती, ती आता अंधारात पळतात आणि त्यामुळं सीनच बदलला. कोणाला कोणी दिसत नाही, फक्त नावानं हाका, आणि मोजणी. बायजा अंधारात डोकी चाचपून मोजते, एक जास्त भरतं, ते वासराचं निघतं.

थांबा, म्हैस भाकड आहे, वासरू कुठनं. शेळी केली.

धक्के अचानक आले असंही नव्हे. पाणी भरायला लागल्यापासनं खोऱ्यात बारीक हादरे बसत होते, सप्टेंबरात एक चांगलाच मोठा बसलेला. त्यामुळं लोकांना सवय होती, आणि सवय होती म्हणूनच पहिले दोन सेकंद कोणी उठत नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. धोंडिबा झोपेतच म्हणतो "गेला गेला, झोपा", आणि तेवढ्यात चुलत्याच्या घराचा आवाज येतो.

१० जून

कोयनानगरात जवळपास सगळी घरं गेली. दीडशेच्या वर माणसं मेली. जाड दगडमातीच्या भिंती सगळ्यात वाईट पडल्या, आतली माणसं त्याखाली. कारवीचा कूड हलतो, तडकतो, गिलावा गळतो, पण त्याच्याकडं माणसाला मारण्याएवढं वजनच नसतं.

म्हणजे ज्या वाक्यासाठी मी ही कथा लिहायला घेतली ते इथं येणार. "अंगावर पडायला भिंत असाया लागती, ती आपल्याला परवडली न्हाय." आता प्रश्न हा की कोण म्हणणार आणि कधी. सकाळपासनं ह्याच्यावरच आहे.

त्याच रात्री नको. वाडीत कोणी गेलं का हे कळायच्या आधी कोणी हसत नाही, हसला तर तो माणूस वेगळाच. चुलता आणि त्याची बायको कशीबशी बाहेर आलीत, चुलत्याचं डोकं फुटलंय. म्हणजे दुसऱ्या दिवशी, चुलता ह्यांच्याच कुडात येऊन टेकलाय, हळद लावून फडकं बांधलंय तेव्हा.

बायजानं म्हणायचं नाही, ताईचं बरोबर आहे, हिच्याकडची वाक्यं संपू देत. धोंडिबा म्हणाला तर तो सहा वर्षांचा सूड होतो आणि कडू लागतं. रखमाला द्यायचं. पण रखमा चुलतसासऱ्यापुढं तोंड वर करून बोलणारच नाही, १९६७ आहे आणि डोक्यावर पदर आहे. मग ती म्हशीशी बोलते. लेकी बोले सुने लागे, तसं. वैरण टाकता टाकता पाठमोरी, नेमकं आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात: "अंगावर पडायला भिंत असाया लागती बाई, ती काय आपल्याला परवडली न्हाय." आत शांतता. मग चुलता हसायला लागतो, डोकं दुखतंय म्हणून डोकं धरून हसतो. वाक्य आता त्याला दुखावत नाही, बसायला जागा करून देतंय. हे बायजाच्या तोंडून झालं नसतं.

१४ जून

काही नाही. पाऊस.

१९ जून

अफवा. धरण फुटलं, पाणी येतंय, वर पळा, अशी आरोळी. भूकंपानंतर हे होणारच, एवढं मोठं पाणी डोक्यात घेऊन लोक झोपत होते. बायजाचं उत्तर तयार होतं: "मागं पाण्याला भिऊन वर आलो. आता आनखी वर गेलं तर थेट म्हाबळेश्वरात, कुनाच्या तरी हाटेलात निघायचं." बरं आहे, ठेवलं.

पण मग लिहिता लिहिता लक्षात आलं की ही माणसं धरणाच्या मागच्या बाजूला आहेत, वर. धरण फुटलं तर पाणी ह्यांच्याकडं येणारच नाही, ते जाणार खाली, पाटणकडं, कराडकडं. ह्यांच्याकडचं पाणी उलट ओसरणार. म्हणजे घर उघडं पडणार, खाचरं उघडी पडणार, उंबरा, उखळ, सगळं. आणि हे बायजाला माझ्या आधी कळणार, ती त्या पाण्याकडं सहा वर्षं बघत बसलेली बाई आहे.

म्हणून ती अंधारात सगळ्यांना म्हणते: "फुटलं तर फुटू द्या की! उद्या सकाळच्याला खाली जाऊन चूल मांडू."

सगळे हसतात. भीतीनं थरथरत हसतात, पोरं पण.

रखमा हसत नाही. रखमाचं माहेर पाटणच्या खाली, नदीकाठी.

२० जून

रात्री झोप लागली नाही नीट. कालच्या त्या ओळीनं अख्खी कथा तिरपी केलीय. मी नियम केला होता तो फक्त लेखक आणि घर ह्यांच्यातला, बाहेरच्यानं हसायचं नाही एवढाच. घराच्या आतही कोणाचं वाक्य कोणाच्या जिवावर उभं असतं ह्याचा नियम केलाच नव्हता. म्हातारीला विनोद परवडतो कारण ती म्हातारी आहे, सासू आहे, तिचं जे बुडायचं ते बुडून गेलंय. सुनेचं अजून खाली शिल्लक आहे.

रखमा उठून अंधारात एकटी चालायला लागते, खालच्या वाटेला. कोणी थांबवत नाही आधी, परसाकडं गेली असेल म्हणतात. मग बायजाला उमगतं. आणि बायजा, जिला प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे, तिला सुनेच्या मागं पळत जाऊन फक्त तिची चप्पल देता येते. काही बोलत नाही. चप्पल पुढं धरते. रखमा घेते.

इथनं पुढं बायजाला चार पानं एकही संवाद नाही. वाचणाऱ्याला चुकल्यासारखं वाटलं पाहिजे.

२७ जून

धोंडिबा रखमाला मागं फिरवतो आणि स्वतः जातो. खाली पाटणकडं पायी, पाण्याच्या कडेकडेनं, दोन दिवस. हा प्रवास मी जवळजवळ लिहिलाच नाही. पडझड बघत चाललेल्या माणसाची वर्णनं कितीही करता येतात आणि ती सगळी माझीच होतात. तो निघतो, तो पोचतो. सासरा अंगणात बाजेवर, पाय मोडलेला, घर पाठीमागं पडलेलं. सगळे जिवंत.

सासऱ्याचा निरोप मात्र नीट लिहिला, कारण तो रखमासाठी आहे. "लेकीला सांगा, लग्नात दिलेला हंडा येवढाच वाचला बघ आमच्यातला. म्हाईत असतं तर समदंच हुंड्यात घातलं असतं."

धोंडिबा हा निरोप दोन दिवस चालत घेऊन येतो, वाटेत विसरू नये म्हणून पुटपुटत, आणि घरी आल्यावर रखमापुढं सांगताना त्याला मधेच शब्द फुटत नाहीत, तो "हंडा... हंडा वाचला" एवढंच म्हणतो. रखमाला पुढचं आपोआप कळतं. तिला बाप माहीत आहे. ती हंडा उचलते आणि पाण्याला जाते, आणि पाणवठ्यावर एकटी खदखदा हसते. बाकीच्या बाया तिला धरायला धावतात, भूत लागलं समजून.

५ जुलै

किसनचं पत्र. मुंबईलाही धक्का चांगलाच जाणवला होता, तो गावकीच्या खोलीत इतर पंचवीस जणांबरोबर झोपलेला, सगळे एकाच दाराकडं धावले आणि दारातच अडकले. पत्र कोणाकडनं तरी लिहून घेतलेलं, "तीर्थस्वरूप मातोश्रींच्या चरणी" वगैरे, आणि शेवटी एकच प्रश्न, घर आहे का. सोबत मनीऑर्डर, नेहमीपेक्षा दहा रुपये जास्त, हे दहा त्यानं कोणाकडनं उचलले असतील ते कोणी बोलत नाही. माथाडी कायदा १९६९ चा, म्हणजे कथा संपल्यावर येणार, तोवर किसनची मजुरी टोळीवाल्या मुकादमाच्या मर्जीवर. कथेत हे फक्त एका आकड्यात दिसतं, दर महिन्याची रक्कम वेगळी आहे.

उत्तर बायजा सांगते, मास्तर लिहितात. चार पानांनंतरचं तिचं पहिलं बोलणं. मला इथं काहीतरी मोठं अपेक्षित होतं, ती म्हणाली: "घर हाय. हललं. पर आपलं आदीपास्नंच हलत व्हतं." आणि मग थांबून, "रखमाचं म्हायेर पडलं. दहातलं पाच तिकडं धाडतो." मास्तर विचारतात, अजून काही? "न्हाय."

१२ जुलै

पत्र्याच्या शेडचं प्रकरण छोटं केलं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, दिवसा भट्टी, रात्री बर्फ, चुलता त्यातल्या एकात गेला. नंतरचे धक्के वर्षानुवर्षं चालू राहिले, आजही चालू आहेत, कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे ती त्याच अभ्यासासाठी, खोऱ्यात तीन किलोमीटर खोल भोक पाडून बघितलंय त्यांनी. कथेला ह्यातलं एवढंच हवं होतं की पोरं धक्क्यांवर पैज लावतात, भांडं पडणार की नाही पडणार, पैज करवंदांची. चुलता येऊन विचारतो कुडाच्या काठ्या कुठल्या खोऱ्यातनं आणल्या होत्या. धोंडिबा सांगतो. बोट लावत नाही.

३ ऑगस्ट

ताईनं पूर्ण वाचलं. तिचे दोन मुद्दे. एक, रखमा चप्पल घालून कशी, त्या काळी डोंगरातल्या बायांच्या पायात चप्पल कुठली. हे खरं आहे. मग बायजानं काय पुढं करायचं? घोंगडी. थंडी आहे, डिसेंबर आहे, घोंगडी जास्त बरोबर, आणि घरात एकच घोंगडी आहे हे सोमवारच्या प्रकरणात येऊन गेलेलंच आहे. दुसरा मुद्दा, पाणवठ्यावर भुताचं कशाला. तो ठेवतोय. त्या बाया तशाच धावतील.

२२ ऑगस्ट

बोली एकसारखी केली. धोंडिबा काही ठिकाणी पुण्याचं बोलत होता.

९ सप्टेंबर

फाईल पाठवली होती, संपादकांचा फोन. आवडलीय. त्यांचं म्हणणं, दिवाळी अंक आहे, शेवटी म्हैस गाभण दाखवता येईल का, म्हणजे वाचक आशेवर बाहेर पडेल. म्हैस भाकडच राहील असं सांगितलं, त्यांनी फार ताणलं नाही. हजारभर शब्द कमी करायला सांगितलेत, अमेरिकन गव्हाच्या उरलेल्या दोन ओळी काढल्या, बाकीचं धोंडिबाच्या शेतीतनं काढतोय, वरी आणि नाचणीचं मी जरा फारच सविस्तर लिहून बसलोय.

चित्रकारानं काढलेलं रफ पण आलंय. बायजा छान आलीय, अगदी हवी तशी चिवट. पण कुडाच्या घराला त्यानं दोन खिडक्या काढल्यात, चौकटीसकट, आणि एका खिडकीत कुंडी. त्याला आज रात्री फोन करायचा.